शेडचा वाटा

सलोनीचं आयुष्यातलं ध्येय मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला. तसा मला राग लवकर येतो. आगाशीत कुणालाही विचारा, उर्सुला टीचर म्हटलं की पन्नाशीचे बाप्येसुद्धा अजून पाठ सरळ करून उभे राहतात. पण इतकी हुशार मुलगी, कंप्युटर इंजिनिअर, अंधेरीच्या कंपनीत चांगल्या पगारावर, आणि ध्येय काय, तर म्हणे संध्याकाळी आपल्या घरी जेवायचं. मी म्हटलं, अगं हे काय ध्येय झालं? ध्येय म्हणजे परदेश, ध्येय म्हणजे स्वतःचा फ्लॅट, गेला बाजार एखादी मोटार तरी. घरी काय, मांजरंपण जेवतात.

ती माझ्याच स्वयंपाकघरात उभी होती, धुतलेला डबा पुसत. आवाज न चढवता म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज घरी जेवता ना, म्हणून तुम्हाला ते ध्येय वाटत नाही."

मला गप्प बसवणारी माणसं या जगात दोनच. एक माझा नवरा स्टॅनी, तो मुळात बोलतच नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडण पुढे सरकत नाही. आणि दुसरी ही.

सलोनी किल्ल्यातली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात बेट आहे, त्यावर जुना किल्ला आणि त्याला लागून कोळ्यांचं गाव. बेट वगैरे कुणी म्हणत नाही, आमच्याकडे सगळे नुसतं किल्ला म्हणतात. अर्नाळ्याच्या वाळूत उभं राहिलं तर तिथली घरं दिसतात, वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. बोटीत बसलं की बोलता बोलता पलीकडे. पण शेवटची बोट दिवेलागणीला सुटते, आणि मुंबईच्या ऑफिसातलं माणूस तेव्हा अजून जिना उतरत असतं. त्यामुळे किल्ल्यातलं जे पोर शिकलं ते घराबाहेर पडलं. सगळी विरारला भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि रविवारी पाहुण्यासारखी घरी जातात.

सलोनी अकरावीला माझ्याकडे राहायला आली. आमच्या घराला माडीवर एक खोली आहे, ती तिला दिली. तिची आई आदल्याच वर्षी गेली होती. बाप जगन्नाथ, मासेमारी करणारा, उंच, काळासावळा, दारात चपला काढून उभा राहिला तो आत येईना. म्हणाला, "टीचरबाई, पोर तुमच्याकडं. पन जेवन माझं."

मला कळेना. मी म्हटलं जेवण माझं म्हणजे? मी काय पोरीला उपाशी ठेवणार आहे? तो चपला घालून चालता झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. जगन्नाथने दुपारी भात आणि कालवण रांधलं, डब्यात भरलं, डबा शेवटच्या बोटीवर नावाड्याच्या हातात दिला. नावाड्याने तो अर्नाळ्याला बसच्या कंडक्टरकडे दिला, कंडक्टरने आगाशीच्या स्टँडवर चहावाल्याकडे, आणि तिथून स्टॅनी घेऊन आला. पोरगी उशिरा क्लासवरून आली, डबा उघडला, वास घेतला आणि शेवटचं शीतसुद्धा बोटाने पुसून खाल्लं.

मी नाक मुरडलं, खरं सांगते. माझ्या हाताला काय चव नाही? नाताळात अख्खी आळी माझ्याकडची करंजी मागायला येते. पण रोज, रोज, कॉलेज झालं, नोकरी लागली, ती रात्री उशिराच्या गाडीने यायला लागली तरी डबा येतच राहिला. वारं सुटलं की बोट बंद, त्या दिवशी ती माझ्याकडे जेवायची. मग मीही नमले. आमच्यात रिकामा डबा परत पाठवत नाहीत. सकाळी मी त्यात काहीतरी घालायची, स्टॅनीच्या वाडीतली भेंडी, पानात गुंडाळलेली सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, सणाला गोडाधोडाचं. जगन्नाथ आणि मी वर्षातून एकदा भेटत असू, पण या डब्यामुळे त्याला माझ्या घरात काय चाललंय ते कळायचं, आणि मला त्याच्या जाळ्यात काय लागलंय ते.

मग लॉकडाऊन आला. सलोनी लॅपटॉप उचलून किल्ल्यात गेली ती दोन वर्षं आलीच नाही. फोन करायची. काम काय करते ते एकदा मला समजावून सांगितलं. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका ती शोधते, बँकेचं ॲप, दुकानाचं ॲप. मी म्हटलं, म्हणजे पेपर तपासणं की. तर हसली आणि म्हणाली, तेच, फक्त पोरं तुमच्याइतकी घाबरत नाहीत. आणि मग हळूच सांगितलं, की बाबा रोज विचारतात, अजून भात वाढू का. दोन वर्षं ती या एका प्रश्नावर खूश होती. पुढे कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं. ती माझ्या माडीवर आली, डबा पुन्हा सुरू झाला, पण आता पोर अर्धा डबा तसाच ठेवायची. वाळली. एका रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले तर म्हणाली, मावशी, नोकरी सोडली. आणि तेव्हा ते ध्येय सांगितलं.

नुसती घरी जाऊन बसली असती तर मला समजलं असतं. पण ही शहाणी म्हणाली की किल्ल्यातच स्टार्टअपची कम्युनिटी उभी करणार. मी म्हटलं, आमच्याकडे कम्युनिटी म्हणजे पॅरिश, तिला फादर लागतो, घंटा लागते, तू काय उभं करणार? तिने समजावलं. एकट्या माणसाला बेटावर बसून काम होत नाही. वीज जाते, नेट जातं, मग धीर जातो. पाच-सात जण एका जागी बसले तर एक चांगलं नेट घेता येतं, एक इन्व्हर्टर घेता येतो, एकाला काम कमी असलं तर दुसरा देतो. प्रत्येकाने हवी तर आपली छोटी कंपनी काढावी, पण बसायचं एकत्र आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायचं. विरारच्या खोल्यांतली पोरं परत आणायची.

गावाची एक शेड होती, जुनी, जाळी ठेवायची. ती गावाने तिला वर्षाच्या बोलीवर दिली. तिने चुना लावला, फळ्यांची टेबलं केली, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून प्रत्येकाला आपलं ध्येय तोंडाने सांगायला लावलं. मी आणि स्टॅनी नारळ घेऊन गेलो होतो. उमंग म्हणून एक मुलगा आहे, किल्ल्यातलाच, त्याने सांगितलं की मासळीसाठी लागणारा बर्फ आधीच बुक करता येईल असं ॲप काढणार. काढलंही. पण मासे विकणाऱ्या बायकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आधीपासून होता, त्यांनी उमंगकडे बघितलंसुद्धा नाही. सहा महिने त्याचं तोंड बर्फात ठेवल्यासारखं होतं. पुढे त्याचंच सामान वापरून त्याने अर्नाळ्याच्या आणि आगाशीच्या दुकानदारांना बिलं करून देणारं काहीतरी काढलं, ते चाललं. बाकीचेही कुणी वेबसाइट करी, कुणी सलोनीच्या हाताखाली ॲप तपासायला शिकलं. सगळी मिळून शेड भरली. आणि संध्याकाळ झाली की सगळी उठून घरी जेवायला जायची. सलोनी मला फोनवर फक्त एवढंच सांगायची, आज बाबांनी काय केलं होतं.

माडीवरची खोली मी तशीच ठेवली होती. दर महिन्याला विचारायची, अगं ठेवू का देऊ कुणाला? ती म्हणायची, ठेवा मावशी, काय सांगता येतं. हे तिचं वाक्य ऐकून मला बरं वाटायचं. आपलं पोर नाही, पोटचं नाही, तरी खोलीत तिची उशी होती आणि मी दर शनिवारी ती उन्हात घालायची.

तिचं म्हणणं बरोबर होतं, काय सांगता येतं. शेडवर हंसाची नजर होती. हंसा म्हणजे किल्ल्यात बोंबील सुकवणाऱ्या बायकांची पुढारीण, सलोनीच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. तिची मागणी काही वावगी नव्हती. पावसात सुकी मच्छी आणि जाळी ठेवायची कुठे? आणि त्याहून मोठी तक्रार दुसरी होती. ही पोरं गावात आहेत पण गावाची नाहीत, असं ती म्हणे. दार बंद, कानात ती बोंडं घातलेली, हाक मारली तर मान वर करत नाहीत, परक्या देशातल्या माणसांशी बोलतात आणि शेजारच्या म्हातारीशी नाही. विरारच्या खोलीत होती तेच बरं होतं, निदान रविवारी तरी बोलायची. वर्ष संपत आलं होतं. होड्या वर काढल्या की गाव वाळूत बसतं आणि पावसाळ्याआधीचे सगळे निर्णय तिथे होतात. शेडचा निर्णय त्याच बैठकीत होणार होता.

सलोनीने तोड काढली. मुंबईची एक मोठी कंपनी काम द्यायला तयार होती, दोन वर्षांचं, पण आधी जागा बघू म्हणाली. ते काम मिळालं तर शेड पोरांकडे राहील आणि बायकांना बाजूला नवी पक्की शेड बांधून देता येईल. तिने गावाला तसं सांगितलं. गाव म्हणालं, बघू. म्हणजे सगळं त्या पाहुण्यांवर आलं. काम मिळालं तर शेड, नाही तर पोरं परत विरारला आणि सलोनी माझ्या माडीवर. खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटून गेलं की जाऊ दे ती शेड, पोर परत येईल. लगेच क्रुसाची खूण केली आणि तिच्यासाठी रोजरी सुरू केली.

पाहुण्यांना दिवस कुठला द्यायचा यावर तिने फार विचार केला. ओहोटीला बोटीत चढायचं म्हणजे गुडघाभर पाण्यातून आणि चिखलातून जावं लागतं. साहेब लोक, बूट घातलेले, पहिलं पाऊलच चिखलात पडलं तर कुठलं काम देणार? म्हणून तिने उधाणाचा दिवस काढला. वैशाखाच्या अमावास्येला भर दुपारी पाणी सगळ्यात वर असतं, बोट पार काठाला लागते. मंगळवार होता. कंपनीला चालला. तिने बापाला सांगितलं, बाप हो म्हणाला. आम्हालाही बोलावलं. मी भाकऱ्या थापल्या, स्टॅनीने सुकेळ्यांचं पुडकं घेतलं.

खरंच, पाहुण्यांचे बूट भिजले नाहीत. एक मॅडम आणि दोन साहेब, चांगली माणसं होती, नावं ठेवायला जागा नाही. शेडच्या दारात त्यांनी बूट काढले, तिथे पोरांच्या चपलांशेजारी ते बूट चकचकीत दिसत होते. आत सलोनी पडद्यावर काहीतरी दाखवत होती. पोरगी इतकी छान बोलत होती की मला कळत नव्हतं तरी ऐकावंसं वाटत होतं. उमंगने मध्ये एक विनोद केला, मॅडम हसल्या. मी मनात म्हटलं, झालं, मिळालं.

तेवढ्यात दारात हंसा येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, जगन्नाथची होडी दोराला लावलीय, पानी वर आलंय. सलोनी बोलायची थांबली. हंसाने त्या बुटांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाली, "उधान तू यांच्या बुटांसाठी बघितलंस, पोरी. बापाच्या होडीसाठी नाय."

एवढं बोलून ती गेली. तुम्हाला सांगते, मी शाळेत पस्तीस वर्षं काढली, पोरांचे चेहरे उतरताना पुष्कळ बघितले, पण असा नाही. किल्ल्यात क्रेन नाही, ट्रॅक्टर नाही. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधी होड्या उधाणाच्या पाण्यावर काठापर्यंत आणायच्या आणि माणसांनी दोर धरून वर ओढायच्या, आणि सगळ्यात मोठं उधाण या अमावास्येचं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून बघितलेलं. पण अकरावीपासून ती त्या दिवशी कधी घरी नव्हतीच, कधी परीक्षा, कधी ऑफिस. लॉकडाऊनची दोन वर्षं तेवढी होती, पण तेव्हा सगळं गावच घरी होतं, तिच्या हाताची गरज पडली नाही. पाण्याचं कोष्टक तिने उघडलं ते फक्त पाहुण्यांचे पाय कोरडे राहावेत म्हणून. आणि बाप? त्याला तर तारीख सांगितल्याबरोबर कळलं असणार. तो हो म्हणाला आणि गप्प राहिला.

दोर धरायचा रिवाज असा की हाक आली की घरटी एक माणूस तरी जातंच. पण घरटी माणूस म्हणजे आता कोण, तर म्हातारे. तरणी पोरं विरारला, कामावर. गेल्या वर्षी एकाची होडी अर्ध्यात रुतली, पाणी उतरलं, फळ्या उकलल्या, तो माणूस अजून दुसऱ्याच्या होडीवर जातो. मी हळूच सलोनीच्या हाताला धरलं आणि म्हटलं, बस, आधी हे संपव, तुझं सगळं यात आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे वळून हिंदीत सांगितलं की माझ्या वडिलांची होडी ओढायची आहे, पाणी कुणासाठी थांबत नाही, तुम्ही थांबलात तर येऊन पुढचं दाखवीन. आणि अनवाणी निघाली. उमंगने लॅपटॉप मिटला. मग बाकीच्यांनी. कुणी कुणाला सांगितलं नाही. बघता बघता शेड रिकामी झाली आणि पडद्यावर तिचं अर्धं राहिलेलं पान तसंच दिसत राहिलं.

राहिले मी आणि तीन पाहुणे. स्टॅनी कधीच पसार झाला होता. मी काय करणार, भाकऱ्या वाढल्या. साहेबांनी विचारलं किती वेळ लागेल, मी म्हटलं ते पाण्याला विचारा. मॅडमनी सुकेळं खाल्लं, कसं करतात विचारलं, मी साल काढण्यापासून उन्हात घालण्यापर्यंत सगळं सांगितलं, कारण गप्प बसले असते तर रडू आलं असतं. मग मॅडम जरा अडखळत म्हणाल्या की आमच्या ग्राहकांचं काम असं मध्येच सोडून चालत नाही. मला भांडायचं होतं. पण बाईचं म्हणणं चूक कुठे होतं? तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असणार. पाणी उतरायच्या आत त्यांना परत जायचं होतं. कळवतो म्हणाले आणि बूट घालून निघाले. कोरडेच गेले.

मी पदर खोचला आणि किनाऱ्यावर गेले. होडी काठाला होती, तेल लावलेल्या ओंडक्यांवर नाक चढवून. दोराला पुढे म्हातारे, त्यांच्यामागे शेडमधली पोरं, आणि पोरांमध्ये माझा स्टॅनी, लेंगा भिजलेला. जगन्नाथ होडीला खांदा लावून उभा. हंसा हाक देत होती आणि हाकेसरशी सगळे मागे रेलत होते. सलोनीच्या तळहाताची सालटी निघाली होती. मीही धरला दोर. माझ्या धरण्याने काय होणार, पण उभं राहून बघवेना. होडी हलली, थांबली, पुन्हा हलली. आणि मग एकदाची ओंडक्यांवर चढली, आणि थांबलीच नाही, सरळ वर, माडांपर्यंत. म्हातारे दोर सोडून वाळूत बसले. एकाच दमात अशी होडी वर आली त्याला किती वर्षं झाली, यावर त्यांच्यात वाद सुरू झाला.

सलोनी बापासमोर जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, बाबा, मला सांगितलं का नाही. जगन्नाथ होडीच्या फळीवर हात फिरवत होता. म्हणाला, "तुझीपन होडीच होती ना दोराला."

पोरगी तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले. मला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही, पण त्या दिवशी कोण बघत होतं.

मग वाटे. शेवटच्या फेरीत जी मच्छी मिळते ती दोर धरणाऱ्या घरांत वाटायची असते. हंसा वाळूत केळीची पानं मांडून ढीग घालत होती, घरटी एक, मोठ्या घराला जास्त नाही आणि छोट्याला कमी नाही. उमंगच्या आईने आपल्या घराचा उचलला, बाकीच्यांनीही उचलले. सलोनीच्या घराचा जगन्नाथने घेतला. सगळ्यांचे वाटे झाले तरी एक पान उरलं. त्याच्यावर हंसाने बोंबील घातले, कोळंबी घातली, वर एक बरा हलवा मासा ठेवला. एका म्हाताऱ्याने विचारलं, हा कोनाचा? घरं तर संपली.

हंसाने हात पुसले. "शेडचा," ती म्हणाली. "मंगळवारी भर दुपारी गावात येवढी तरनी पोरं कुठून आली? त्या शेडीतून. मग ते घरच झालं की नाय?"

किल्ल्यात ज्याला वाटा, ते घर. आणि घर कुणी कुणाचं काढून घेत नाही. बैठक भरली तेव्हा शेडच्या विषयाला कुणी हातच घातला नाही, थेट पाण्याच्या टाकीवर गेले. पुढचं हंसाने आणि सलोनीने आपसांत ठरवलं. वरती पोटमाळा घालायचा, जाळी आणि सुकी मच्छी वर, कंप्युटर खाली, आणि दार पावसाळ्यातसुद्धा उघडं. कंपनीने पुढे नाही म्हणून कळवलं, अगदी सभ्य भाषेत. नवी पक्की शेड काही झाली नाही. आता आषाढात कधी गेले तर पोरं बोंबलाच्या वासात बसून परदेशातल्या माणसांशी गोड गोड बोलत असतात आणि हंसा माळ्यावरून त्यांना विचारते, काय रे, काय म्हनतो तुमचा गोरा? एकेकाला छोटी छोटी कामं मिळतात. विरारच्या खोल्यांतली आणखी दोघं परत आली आहेत.

त्या दिवशी मात्र हे काहीच माहीत नव्हतं. फक्त शेड राहिली एवढं कळलं होतं. शेडचा वाटा कोण रांधणार यावर गोंधळ झाला, कारण शेडला चूल नाही. शेवटी जगन्नाथने उचलून नेला. आम्हाला शेवटच्या बोटीची घाई. सलोनी पोचवायला आली, तळहाताला हळद लावलेली. बोटीत चढता चढता मी सवयीने विचारलं, अगं खोली ठेवू का?

तिने माझी पिशवी बोटीत ठेवली. मग म्हणाली, "द्या मावशी. कुणाला लागत असेल तर द्या."

मला आनंद झाला. आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. मी बरं म्हटलं आणि तोंड समुद्राकडे केलं. नावाडी दोर सोडणार इतक्यात जगन्नाथ धावत आला, धोतर वर धरून, पाण्यात उतरला. हातात तोच डबा. कड चेपलेला, झाकणावर सलोनीचं नाव तिनेच खिळ्याने कोरलेलं. गरम होता. इतकी वर्षं तो माझ्या घरी पोरीसाठी यायचा. आता पोर त्याच्या मागे किनाऱ्यावर उभी होती, घरी, आणि दिवेलागण व्हायची होती.

त्याने डबा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "टीचरबाई, आज जेवन माझं."

आगाशीला पोचून स्टॅनी आणि मी जेवलो. कालवणात तिखट जरा जास्त होतं, पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माडीवर जाऊन सलोनीची उशी खाली आणली. मग डबा घासला, पुसला, ओट्यावर पालथा घातला. स्टॅनी बघत होता. तो माणूस आठवड्यातून एकदा बोलतो, तो म्हणाला, उद्या भेंडी काढतो. मी म्हटलं काढ, आणि चार केळीपण आण, डबा रिकामा जायला नको.